बाळाला घेऊन हॉटेलात? हो तर!

गेल्या आठवड्याच्या टपालात एका भगिनीचं पत्र होतं. नाव छापू नका असं त्यांनी दोनदा बजावलंय, तेव्हा नाही छापत. पण पत्रातला मजकूर मात्र तुमच्यापुढे ठेवते. ‘‘ताई, माझं बाळ सात महिन्यांचं आहे. परवा शेजारची मैत्रीण म्हणाली, चल, कोपऱ्यावर चहा पिऊन येऊ. बाळाला कडेवर घेतलं नि गेले. अर्धा तास बसलो असू. पण घरी आल्यावर जे ऐकून घ्यावं लागलं, त्यावरून वाटलं, मी लेकराला दारूच्या गुत्त्यात घेऊन गेले होते की काय! खरंच माझं चुकलं का?’’

नाही हो, नाही चुकलं. इतकंच लिहून मी गप्प बसले असते, पण या बाबतीत जेवढ्या म्हणून चुका करता येतात तेवढ्या मी स्वतः करून बसले आहे. तेव्हा डिंकाच्या लाडवांचं कबूल केलं होतं ते पुढच्या अंकात. आज हॉटेलाचं.

आमची कन्या आता वीस महिन्यांची आहे. तिच्या वेळी मी अडीच-तीन महिने माहेरी होते. आई होती, वहिनी होती, तेल लावायला बाई येत होती. दिवस कसा उगवायचा नि मावळायचा कळायचं नाही. मग जुलै उजाडला आणि पुण्याला घरी आले. तिसरा मजला. हे सकाळी आठाला बाहेर पडायचे ते रात्री साडेसातला परत. सासूबाई तेव्हा नाशिकला थोरल्या जाऊबाईंकडे. शाळेची माझी अर्धवेळची नोकरी मी वर्षभरासाठी सोडलेली. सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या मावशी ‘‘काय म्हणतीय पोरगी?’’ असं विचारायच्या, तेवढंच काय ते दिवसभरात माणसाशी बोलणं. चहा करून ओट्यावर ठेवायचा, बाळ रडायचं, परत यावं तो त्यावर साय धरलेली. पुन्हा गरम करायचा, पुन्हा तेच. दुपट्यांच्या घड्या घालता घालता डोळे भरून यायचे आणि कशासाठी ते माझं मलाच सांगता यायचं नाही. बरं, सांगणार तरी कुणाला? घरात सगळं तर छान होतं! बाळ गुटगुटीत, नवरा निर्व्यसनी. रडायचं कारण काय?

अशातच साडेतीन महिन्यांची लस आली. टोचून बाहेर पडले आणि आषाढातला पाऊस म्हणजे काय ते पुणेकरणींना सांगायला नको. एकही रिक्षा थांबेना. बाळाने टाहो फोडलेला, माझी छत्री उलटी झालेली. समोर आमच्या कोपऱ्यावरचं उडप्याचं हॉटेल होतं. दहा वर्षं त्याच्यावरून जात होते, पण एकटी कधी आत पाऊल टाकलं नव्हतं. शिरले. गल्ल्यावरच्या अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाळाकडे, आणि पोऱ्याला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. त्याने काय केलं असेल? अगदी मागच्या भिंतीलगतच्या टेबलाची खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि वरचा पंखा बंद केला. एवढंच. मी तिथे बसून ओढणीआड बाळाला पाजलं. ती पिता पिता झोपली. मग कॉफी आली. पितळेच्या वाटीत पेला, वर फेस. माझ्या लक्षात आलं, बाळ झाल्यापासून कॉफी गरम असताना प्यायला मिळण्याची ही पहिलीच वेळ.

तेव्हापासून दर बुधवारी दुपारी साडेतीनला मी तिथे जाऊ लागले. हळूहळू आणखी दोघी येऊ लागल्या. एकीचा मुलगा माझ्या मुलीहून महिनाभराने लहान. दुसऱ्या निवृत्त बाई, त्यांची नातवंडं परदेशात. त्या आमची पोरं धरायच्या म्हणून आम्हांला दोन्ही हातांनी खाता यायचं. बायकांनो, दोन हातांनी मसाला डोसा खाणं यातलं सुख काय ते लेकुरवाळीलाच ठाऊक!

एक गोष्ट मात्र इथेच सांगून ठेवते. बाळंतपणानंतरचे पहिले दहा-पंधरा दिवस रडू येणं, उदास वाटणं हे बऱ्याच जणींना होतं आणि आपोआप जातं. पण तो काळोख दोन आठवड्यांपलीकडे रेंगाळला, बाळाकडे पाहून काहीच वाटेनासं झालं, बाळ झोपलं तरी आपल्याला झोप येईना, नाही नाही ते विचार मनात येऊ लागले, तर कॉफीने ते जाणार नाही. डॉक्टरांकडे जायचं, आणि ते लगेच. त्यात लाज कसली? ताप आला तर लपवतो का आपण? माझंही तेव्हा डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं होतं असं आज वाटतं. मी घातलं नाही. निभावलं, पण निभावलं म्हणून ते शहाणपणाचं होतं असं मी तरी म्हणणार नाही.

आता हॉटेलात बायकांनी बसण्याचं. आपल्याकडे याला फार जुना इतिहास नाही. गेल्या शतकाच्या सुरुवातीला इराणातून आलेल्या मंडळींनी मुंबई-पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर चहाची हॉटेलं काढली. मुंबईचं कयानी १९०४ चं, आपल्या डेक्कनवरचं कॅफे गुडलक १९३५ चं. संगमरवरी टेबलं, काळ्या लाकडाच्या गोल पाठीच्या खुर्च्या, बन-मस्का आणि पाणी कम चहा. मागाहून उडप्यांची इडली-डोशाची हॉटेलं आली. पण पुढच्या बाकांवर बसायचे ते पुरुषच. बायकामाणसांसाठी पुष्कळ ठिकाणी मागे ‘फॅमिली रूम’ असायची, लाकडी आडोसा नाहीतर पडदा लावलेली. यजमान बरोबर असले तर तिथे बसायचं. एकटी बाई, तीही मूल घेऊन, हे चित्रच डोळ्यांना परकं होतं. अमृततुल्यावर तर अजूनही बसायला जेमतेम एक बाक, आणि त्यावर मंडळी पेपर उघडून बसलेली. तेव्हा आपल्या सासवा-आयांना हे विचित्र वाटतं यात त्यांचा फारसा दोष नाही.

तर जायचं कसं?

पहिली गोष्ट, जवळचंच हॉटेल निवडा. लांबच्या नामांकित ठिकाणी दीड तास रांगेत उभं राहायचं ते मूल मोठं झाल्यावर. बाळ बिथरलं तर दहा मिनिटांत घर गाठता आलं पाहिजे. शिवाय कोपऱ्यावरचे लोक चेहऱ्याने ओळखतात, आणि ती ओळख फार उपयोगी पडते. बाबागाडी असेल तर ती घरीच राहू द्या. आपले फुटपाथ आणि हॉटेलांच्या पायऱ्या यांना बाबागाडी म्हणजे काय ते कुणी सांगितलेलं दिसत नाही. झोळी बांधून न्यायचं तर बाळाचं तोंड नेहमी आपल्याला दिसेल, हनुवटी छातीत रुतणार नाही, एवढं पाहा.

वेळ दुपारी साडेतीन ते पाच. जेवणाची गर्दी ओसरलेली असते, संध्याकाळची सुरू व्हायची असते. आणि बाळ झोपून उठलेलं, पोट भरलेलं असताना निघायचं. भुकेल्या पोराला घेऊन हॉटेलात जाणं म्हणजे आपणहून तमाशा मांडणं.

जागा भिंतीकडेची. स्वयंपाकघराच्या दारापाशी कधी बसू नका, तिथून उकळतं सांबार घेऊन माणसं पळत असतात. थंड हवेच्या यंत्राखालीही नको. पिशवीत दोन लंगोट, ओला फडका, कोरडा फडका, घरचं उकळून गार केलेलं पाणी, बाळाची वाटी-चमचा आणि मांडीवर पसरायला एक जुनं मेणकापड. खेळणं न्यायचं नाही, ते पडतं आणि मग ते शोधायला टेबलाखाली आपण. दोन स्टीलचे चमचे द्या, वीस मिनिटं बघायला नको. खिडकीतून दिसणारी बस, कुत्रं, नारळवाला यांवर आणखी पंधरा. मोबाइल मात्र पुढे धरू नका. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडदा दाखवूच नये, व्हिडिओवर आजी-आजोबांशी बोलणं तेवढं चालेल, असं आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली सांगितलं आहे. मी एकदा दाखवला होता. पुढचे तीन बुधवार ती चमच्याकडे ढुंकून बघेना.

खाण्याचं जरा नीट ऐका, कारण पत्रात खरं भांडण यावरूनच झालेलं दिसतंय. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज काही नको, पाणीसुद्धा नको. तेव्हा त्या वयाचं बाळ हॉटेलात सगळ्यांत सोयीचं! सहा महिन्यांनंतर मऊ इडलीचा पांढरा तुकडा, आपल्या बोटांनी कुस्करून, दोन-चार घास. चटणी नाही, सांबार नाही. हॉटेलच्या इडलीत मीठ असतंच, तेव्हा पोट घरच्या खिमटीनेच भरायचं. इडली ही गंमत. लस्सी, सरबत, बर्फ, हॉटेलचं पाणी यांतलं काहीही नको. मध वर्षाच्या आत अजिबात नको, घरचा शुद्ध असला तरी. आणि चहा! शेजारच्या टेबलावरचे आजोबा मोठ्या मायेने बिस्किट चहात बुडवून पुढे करतात. हसून नाही म्हणायचं. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही, आणि आपल्या मुलांत लोह आधीच कमी.

फरसाण, चणे, अख्खे शेंगदाणे हे पाच वर्षांपर्यंत मुलाच्या हाती पडू देऊ नका. उपम्यात, पोह्यांत शेंगदाणा दडलेला असतो, तो वेचून काढा. घशात काही अडकलं आणि मूल खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्या; हवा जातेय असा त्याचा अर्थ. आवाजच फुटेना असं झालं तर मात्र क्षणाचाही वेळ घालवू नका. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली करून घ्यायचं आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच थापट्या मारायच्या, आणि मदतीला हाक द्यायची. घशात आंधळेपणाने बोट घालायचं नाही, त्याने घास आणखी आत जातो. पुढची कृती, आणि मोठ्या मुलाला काय करायचं ते, पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवायला सांगा. लिहून वाचून ते येत नाही.

आणि हो, आपलीही काही रीत असते. लंगोट खाण्याच्या टेबलावर बदलायचा नाही. पाहिलंय मी हे, म्हणून सांगतेय! खाली सांडलेली इडली आपणच कागदात गोळा करायची, आणि टेबल पुसणाऱ्या पोऱ्याच्या हातावर निघताना काहीतरी ठेवायचं. मूल रडायचं थांबत नसेल तर उठून पाच मिनिटं बाहेर फिरवून आणायचं. दुसऱ्यांनीही चहाचे पैसे दिलेले असतात. पाऊणएक तास पुरे, चालायला लागलेलं मूल असेल तर अर्धाच.

हल्ली आमच्या भागात काचेच्या दारांचे नवे कॅफे निघालेत. तिथल्या एका कॉफीच्या पैशात अण्णांकडे आम्हां तिघींचा चहा आणि वर इडली होते. पण काही ठिकाणी मुलांसाठी पट्ट्याची उंच खुर्ची असते, ती फार सोयीची. पट्टा न विसरता लावायचा. अशाच एका ठिकाणी मला आलेला अनुभव सांगते, नाव सांगत नाही. मुलगी पाच महिन्यांची. कोपऱ्यातल्या सोफ्यावर पदर नीट घेऊन मी तिला पाजत होते. गणवेशातली एक मुलगी आली आणि हळूच म्हणाली, ‘‘मॅडम, दुसऱ्या गेस्टना जरा ऑकवर्ड होतंय. तुम्ही वॉशरूममध्ये बसता का?’’ मी उठले. पैसे दिले, अर्धी कॉफी टाकली आणि निघाले. काय उत्तर द्यायचं ते मला जिना चढताना सुचलं: ‘‘बाई गं, तू तुझा डबा संडासात बसून खातेस का?’’ तोवर उपयोग काय! पण मैत्रिणींनो, तुमच्यावर अशी वेळ आली तर हे वाक्य आधीच पाठ असू द्या. त्या पोरीला रागावू नका, ती बिचारी सांगितलेलं काम करत होती. मालकाला बोलवा नि त्याला म्हणा.

आता माझी मोठी चूक. मुलगी दहा महिन्यांची असताना आम्ही अशाच बसलो होतो. हॉटेलवाल्यांचा काही दोष नाही. चहा माझा, टेबलाच्या कडेला ठेवला मी, मुलगी मांडीवर घेतली मी, आणि बोलण्यात रंगले तीही मीच. तिने बशी ओढली. सगळा चहा तिच्या डाव्या मनगटावर.

तिची ती किंकाळी अजून कानात आहे. निवृत्त बाईंनी माझ्या हातातून तिला जवळजवळ हिसकावून घेतलं, बांगडी काढली, बाही वर सारली आणि बेसिनच्या नळाखाली हात धरला. मला वाटलं झालं आता, पण त्या म्हणाल्या, ‘‘घड्याळ लाव. वीस मिनिटं.’’ पूर्ण वीस मिनिटं साधं गार पाणी. बर्फ नाही, तूप नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही. मग स्वच्छ ओलसर रुमाल सैल गुंडाळून डॉक्टरांकडे. दोन लहान फोड आले, डाग राहिला नाही. लहान मुलाला फोड आला, किंवा चेहरा, हात, सांधा यांवर भाजलं, तर दिसायला थोडं असलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच. आणि मांडीवर मूल असताना गरम पेला हातभर लांब, टेबलाच्या मध्यावर. टेबलक्लॉथ असेल तर तो काढून घ्यायला सांगा.

तोवर सासूबाई नाशिकहून परतल्या होत्या. त्यांनी नातीचा हात पाहिला आणि जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. ‘‘घरात चहा मिळत नाही का तुला?’’ हे त्यातलं सौम्य. मी काही उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतंच. बुधवार बंद झाले. दोघींचे फोन आले, मी काहीतरी सबबी सांगितल्या. पुन्हा ओट्यावर चहा गार होऊ लागला, पुन्हा दुपट्यांच्या घड्या. हे संध्याकाळी विचारायचे, ‘‘अगं, आज गप्प का?’’ मी म्हणायची, ‘‘कुठे काय?’’

महिना झाला असेल. एका दुपारी मी ताटं विसळत होते. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, ‘‘तुझे सासरे फार चहाबाज होते हो.’’ मी वळून पाहिलं. ‘‘हा वर्षाचा असेल तेव्हा,’’ म्हणजे आमचे हे, ‘‘आम्ही मंडईतून येत होतो. त्यांना मित्र भेटला. दोघं आत गेले चहा प्यायला. आत सगळे पुरुष, मागची खोली भरलेली. मला म्हणाले, तू थांब, आलोच. मी फुटपाथवर उभी. हा कडेवर, हातात भाजीची पिशवी, आणि उन्हं अशी! आत पंख्याखाली बशीतून चहा पिताना ते मला काचेतून दिसत होते. पाऊण तास.’’

‘‘मग तुम्ही काही बोलला नाहीत, आई?’’

‘‘काय बोलायचं? तेव्हा नाही बोलत कुणी.’’ त्यांनी माझ्या हातातलं ताट घेऊन पुसून ठेवलं. ‘‘आज बुधवार ना? साडी बदलते मी. पण पोरगी माझ्या मांडीवर बसेल. आणि तुझा तो चहा लांब ठेव.’’

अण्णांनी त्यांना पाहिलं आणि वळवलेली खुर्ची पुन्हा सरळ करायला पोऱ्याला सांगितलं. सासूबाई रस्त्याकडे तोंड करून बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, नुसत्या येणारी-जाणारी माणसं बघत होत्या. मग चहा आला तसा बशीत ओतला, फुंकर मारली, आणि नातीने बशीकडे हात नेला तेव्हा तिच्या मुठीत चमचा देऊन म्हणाल्या, ‘‘हा माझा आहे. तू मोठी झालीस की तुझा तू माग.’’

आता शाळा पुन्हा सुरू झाल्यामुळे माझे बुधवार अधूनमधून चुकतात. सासूबाईंचे चुकत नाहीत. परवा मी पाच वाजता शाळेतून येताना पाहिलं तर आजी-नात आणि निवृत्त बाई पुढच्याच टेबलावर, आणि चौथ्या खुर्चीवर पहिल्यांदाच आलेली एक मुलगी, तिच्या मांडीवर जेमतेम तीन महिन्यांचं बाळ. सासूबाई तिला सांगत होत्या, ‘‘कप मधे सरकव गं. मधे.’’